पहिला घास रायचोचा

प्लोवदिव शहरातल्या जमीन नोंदणी कचेरीत रायचो द्रागोएव्हचं मत कोणी विचारत नसे. वरिष्ठ विचारत नसत, कारण ते वरिष्ठ होते. कनिष्ठ विचारत नसत, कारण त्यांना सगळं आधीच येत होतं. इमारतीच्या सभेत तो बोलायला उठला की चार जणांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवे. पण जेवणाच्या टेबलावर मात्र त्याचा शब्द अखेरचा होता. गेली चोवीस वर्षं त्याची बायको नेवेना, परक्या हातचा कुठलाही पदार्थ रायचोने आधी चाखल्याशिवाय तोंडात घालत नव्हती.

याला कारण होता अक्रोड. नेवेनाला अक्रोडाचा कण जरी पोटात गेला तरी ओठ सुजायचे, घसा आवळायचा आणि पुढचा कार्यक्रम इस्पितळात व्हायचा. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात मावसभावाच्या लग्नात हे घडलं, आणि नवरानवरीपेक्षा जास्त फोटो रुग्णवाहिकेचे निघाले. बरं, ज्या मुलखात दह्याच्या सुपापासून सणाच्या मिठाईपर्यंत सगळ्यात मूठभर अक्रोड कुटून घातल्याशिवाय बाईला सुगरण म्हणत नाहीत, तिथे हा विकार म्हणजे मासळीबाजारात राहून वासाचं वावडं. तेव्हापासून रायचो कुठेही गेला की आधी थेट स्वयंपाकघरात घुसायचा. विचारायचा, हुंगायचा, पहिला घास स्वतः घ्यायचा, मनात वीसपर्यंत मोजायचा आणि मगच बायकोला परवानगी द्यायचा. अक्रोड ओळखण्याच्या बाबतीत आपली जीभ देशात पहिल्या पाचात असावी असं त्याचं नम्र मत होतं. पहिले चार कोण, हे त्याला माहीत नव्हतं.

हे सगळं सुखाने चाललं असताना व्हिएन्नाला नोकरी करणारी मुलगी, इव्हेलिना, सुट्टीवर आली आणि तिने आईच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. नाव 'निर्धास्त घास'.

"आई, तू भूगोल शिकवतेस आणि चार तासांवरचा ग्रीस पाहिला नाहीस. का, तर तिथली भाषा बाबांना येत नाही म्हणून त्यांना स्वयंपाकघरात भांडता येणार नाही! आता हे विचारेल. पाकिटाचा फोटो काढ, हे वाचेल. हॉटेल शोध, हे सांगेल. तिथल्या भाषेत बोलेलसुद्धा."

"आणि चाखेल कोण?" रायचोने विचारलं.

"चाखायची गरजच नाही, बाबा."

हे वाक्य मुलगी सहज बोलली आणि दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाला निघून गेली. इकडे बापाच्या काळजात ते माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं.

ॲप नुसतं लिहून दाखवतं तर एक वेळ चाललं असतं. पण ते बोलायचं. आणि बोलायचं ते पुरुषाच्या आवाजात. भारदस्त, संथ, विहिरीतून आल्यासारखा घुमणारा आवाज. "नेवेना, जरा थांबा. या बिस्किटांत अक्रोडाचा अंश असू शकतो." रायचोचा स्वतःचा आवाज बारीक होता आणि चिडला की तो आणखी बारीक व्हायचा. चोवीस वर्षांत त्याने बायकोला 'जरा थांबा' असं कधी म्हटलं नव्हतं. तो "थांब! थांब! टाक ते!" असं ओरडायचा. नेवेना आता दुकानात फळीसमोर उभी राहून त्या मेल्याशी दहा दहा मिनिटं बोलायची आणि रायचो पिशवी धरून मागे उभा असायचा. बायकोच्या जागी दुसरी आली की तिला सवत म्हणतात. नवऱ्याच्या जागी दुसरा आला तर त्याला काय म्हणावं, यासाठी आपल्या भाषेत शब्द नाही, हे भाषेच्या विद्वानांनी मनावर घ्यायला हवं.

एवढ्यावर भागलं नाही. त्या ॲपवर निरनिराळ्या गावचे लोक आपापले अनुभव लिहीत. सहा सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला जोडून आलेली सुट्टी ग्रीसमधल्या कावालाला घालवायची असं नेवेनाने ठरवलं आणि तिथल्या हॉटेलांची चौकशी सुरू केली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव पेरिक्लिस. नावापुढे हिरवी खूण. ही खूण म्हणे फक्त डॉक्टरचा दाखला दाखवणाऱ्या अस्सल रुग्णांना मिळते.

"ऐक ना," नेवेना बाल्कनीतून आत येत म्हणाली. "काय सुंदर लिहितो हा माणूस! 'बंदरावरच्या निळ्या खुर्च्यांच्या हॉटेलात मासे जरूर खा, पण भाकरीवर लावायचं काही खाऊ नका. टेकडीवरच्या मिठाईवाल्याच्या दारावरूनसुद्धा जाऊ नका. समुद्र मात्र कितीही घ्या, त्यात अक्रोड नसतो.'" आणि ती हसली. नुसती हसली नाही, मान मागे टाकून हसली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" रायचोने विचारलं.

"समुद्रात अक्रोड नसतो म्हणे!"

"नसतोच. मला माहीत होतं."

त्या दिवसापासून रायचोच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं डॉक्टरी नव्हतं. साधा, शुद्ध, बावन्नाव्या वर्षी कोणालाही शोभणार नाही असा मत्सर होता. नेवेना आंघोळीला गेली की तो फोन उघडून पेरिक्लिसचे निरोप वाचायचा. त्यांत आक्षेपार्ह काहीही नसायचं. वांगी असायची, मासे असायचे, फार तर 'आपली काळजी घ्या' असायचं. म्हणजे माणूस किती पोचलेला असला पाहिजे!

अशा बाबतीत सल्ला मागायचा नसतो, पण तिसऱ्या मजल्यावरच्या दाफिनाकाकूंना सल्ला द्यायला मागावा लागत नाही. जिन्यातच त्यांनी त्याला धरलं.

"अरे रायचो, तोंड का असं? नेवेना म्हणत होती, ग्रीसमध्ये कोणी ओळखीचा भेटलाय."

"ओळखीचा नाही, काकू. ॲपवरचा आहे."

"तेच रे ते! एक सांगते, पुरुष जेवणाखाण्याबद्दल एवढं गोड लिहायला लागला की समजायचं, याला एक तर बायको नाही, नाही तर दुसरी हवी आहे. आमचे हे गेले तेव्हा मला एकाने लोणच्याची कृती विचारली होती. मी दिली नाही बाबा."

तळमजल्यावरचे गेंचोकाका सैन्यात बिनतारी खात्यात होते, त्यामुळे विजेवर चालणारी कुठलीही वस्तू आपल्या अखत्यारीत येते असा त्यांचा समज होता. त्यांनी फोन हातात न घेताच निदान केलं. "आवाज बदल. सेटिंगमध्ये जा आणि बाईचा आवाज लाव. निम्मं दुखणं तिथेच संपेल."

सल्ला बरा होता. अंमलबजावणी रायचोची होती. शनिवारी नेवेना टोमॅटोच्या झाडांना पाणी घालत असताना त्याने सेटिंग उघडलं, तीन ठिकाणी बोट लावलं, आणि काही झालं नाही म्हणून आणखी चार ठिकाणी लावलं. संध्याकाळी भर दुकानात नेवेनाने चीजचं पाकीट फोनसमोर धरलं, तेव्हा तोच घुमणारा आवाज चौपट मोठा होऊन कुठल्या तरी अगम्य भाषेत गरजला. एका आजीने हातातली अंडी सोडली. रखवालदार धावत आला. ती भाषा फिनिश होती, हे पुढे कळलं. बाईचा आवाज करायला गेला आणि गावाला धोक्याचा भोंगा ऐकवून आला! नेवेनाने सगळं पूर्ववत केलं आणि घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलली: "कोणीतरी माझ्या फोनला हात लावलाय." घरात दोनच माणसं राहत असल्यामुळे 'कोणीतरी' या शब्दाला फारशी जागा नव्हती.

तेव्हा रायचोने ठरवलं की शत्रूशी त्याच्याच रणांगणात लढायचं. आपणही ॲपवर नाव घालायचं, हिरवी खूण मिळवायची आणि पेरिक्लिसच्या प्रत्येक मताखाली आपलं अधिक अनुभवी मत लिहायचं. चोवीस वर्षांची सेवा होती, ती काय वाया जाणार? पण खुणेला दाखला लागतो, आणि दाखल्याला विकार लागतो. तो मिळवायला रायचो आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"व्हायला हवंय."

बाईंनी ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीवर शिक्का बसायला एक खिडकी, नंबर लावायला दुसरी. दुसऱ्या खिडकीवर कळलं की पहिल्या खिडकीने शिक्का उलटा मारलाय. स्वतः आयुष्यभर लोकांना असंच फिरवलं असल्यामुळे त्याला तक्रारही करता येईना. शेवटी नर्सने त्याच्या दोन्ही हातांवर वीस ठिकाणी सुई टोचली, हात आडवे ठेवून बसायला सांगितलं आणि वीस मिनिटांनी येऊन पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"काही नाही," नर्स म्हणाली.

"अक्रोड?"

"नाही."

"धूळ? मांजर? थोडं तरी असेल."

"अहो, तुम्हाला कशाचं काही होत नाही. भिंतीला सुई टोचली असती तरी एखादा फोड आला असता!"

त्याला दाखला मिळाला. या इसमास कोणत्याही खाद्यपदार्थाचा कसलाही त्रास नाही, असं त्यावर दोन शिक्क्यांनिशी लिहिलं होतं. पेरिक्लिस तिकडे हिरवी खूण लावून मिरवत होता आणि रायचो मात्र सरकारमान्य निरुपयोगी ठरला होता. दाखल्याची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. निदान एवढा तरी त्रास कागदावर यायला हवा होता.

सहा सप्टेंबरला सकाळी गाडी निघाली. वाटेत पेट्रोलपंपावर नेवेनाने बिस्किटं उचलली आणि सवयीने त्याने हात पुढे केला. पण तोवर फोन बोलून गेला होता: "नेवेना, ही निश्चिंत खा." तिने खाल्ली. बाहेरच्या वस्तूचा पहिला घास तिने त्याच्याशिवाय घेतला, तोही त्याच्या डोळ्यांदेखत. मग दुसरं बिस्किट त्याच्यापुढे धरून ती म्हणाली, "घे ना, छान आहे." रायचोला ते मातीसारखं लागलं. आपण आता या बाईचे कोण, तर ड्रायव्हर, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. तो म्हणाला की ऊन लागतंय.

कावालाला पेरिक्लिस त्यांना निळ्या खुर्च्यांच्या हॉटेलात एक वाजता भेटणार होता. हे नेवेनाने गाडीत, अगदी शेवटच्या वळणावर सांगितलं.

"म्हणजे तो येणार आहे? जेवायला? आपल्याबरोबर?"

"इतकी मदत केली त्यांनी. नको कसं म्हणायचं?"

रायचोने गाडी अशी पिटाळली की ते साडेबाराला पोचले. अर्धा तास हातात होता. तो येण्याच्या आत सगळं काम उरकून ठेवायचं, म्हणजे त्याला नुसतं पाहुण्यासारखं बसावं लागेल! ते बसतात तोच टेबलावर न मागवताच वांग्याच्या भरताची थाळी आणि गरम पाव आले. रायचो उठला, पट्टा वर ओढला आणि जुन्या रुबाबात सरळ स्वयंपाकघरात शिरला. या क्षणासाठी त्याने अक्रोडाचा ग्रीक शब्द आठवडाभर घोकला होता.

चुलीपाशी एक जाडजूड बाई मासे तळत होती. रायचोने बाहेरच्या थाळीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "कारीदिया?"

"ने, ने!" बाई हसून म्हणाली आणि तिने मान वरखाली हलवली.

आता प्लोवदिवच्या माणसाला याहून स्पष्ट काय हवं? त्यांच्या भाषेत 'ने' म्हणजे नाही. मान वरखाली म्हणजेसुद्धा नाही. होकार द्यायचा असला की ते मान आडवी हलवतात. जगात याच्या उलट चालत असेल, तर तो जगाचा प्रश्न. बाईने तोंडानेही नाही म्हटलं होतं आणि मानेनेही. रायचोने तिला सलाम ठोकला आणि तो विजयी वीरासारखा बाहेर आला.

मेनूकार्डाचा फोटो काढून नेवेना फोनकडे बघत बसली होती. पडदा लालभडक झाला होता. "रायचो, हा म्हणतोय की भरतात अक्रोड आहे. पेरिक्लिसनेही लिहिलं होतं, भाकरीवर लावायचं काही खाऊ नका."

"पेरिक्लिसने लिहिलं होतं!" रायचोचा आवाज शिट्टीसारखा बारीक झाला. "मी आत जाऊन आलोय, नेवेना. स्वतः. बनवणाऱ्या बाईला तोंडावर विचारलंय. नाही म्हणाली. दोनदा म्हणाली. आता तू ठरव. चोवीस वर्षं ज्याने तुला सांभाळलं त्याचं ऐकणार, की या डबीचं?"

असा प्रश्न विचारू नये. बायको काय उत्तर देईल याची खात्री नसताना तर मुळीच विचारू नये. नेवेनाने फोनकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या घामेजलेल्या कपाळाकडे, वर ओढलेल्या पट्ट्याकडे. तिने फोन उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"तुझं," ती म्हणाली. पावाचा तुकडा मोडून तिने भरतात बुडवला.

रायचोला इतका आनंद झाला की त्या भरात तो आपला हक्क जवळजवळ विसरलाच होता. पण चोवीस वर्षांची सवय. तिचा हात तोंडाकडे जायला लागला तसा त्याचा चमचा आपसूक थाळीत गेला. घास जिभेवर आला. लसूण होता, तेल होतं, लिंबू होतं. आणि त्यांच्या मागून, वहाणेत खडा यावा तसा, बारीक कुटलेला, भाजलेला अक्रोड होता.

"थांब! थांब! टाक ते!"

त्याने टेबलावरून झेप घेतली. पाव उडाला. थाळी त्याच्याही पुढे उडाली, आणि त्याच क्षणी पायऱ्या चढून वर आलेल्या, दुधी रंगाचा कोट घातलेल्या एका वृद्ध गृहस्थाच्या छातीवर जाऊन थांबली. उरलेलं तेल नेवेनाच्या नव्या झग्यावर सांडलं. रायचो दोन खुर्च्यांच्या मध्ये आडवा पडला होता आणि बायकोच्या हाताला धरून ओरडत होता, "गिळलंस का? तोंड उघड! गिळलंस का?"

"नाही गिळलं!" नेवेना म्हणाली. "अरे, तोंडापर्यंत गेलंच नाही. सोड, हात मोडशील माझा."

त्याने सोडला नाही. त्याला उठताच येईना. तिने आपलं ऐकावं म्हणून तो महिनाभर तळमळला होता. तिने ऐकलं, आणि त्याच्यापायी ती मरायला निघाली होती. माणसाला हवं ते मिळालं की एवढी भीती वाटते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कोटावरचं भरत रुमालाने निपटत ते गृहस्थ समोर बसले. वय ऐंशीच्या आसपास. हे पेरिक्लिस. त्यांनी आपला फोन काढला, ग्रीकमध्ये काहीतरी बोलले आणि फोनमधून आवाज आला. तोच. विहिरीतला.

"आत्ता त्या बाई तुम्हाला 'ने' म्हणाल्या का?"

"हो," रायचो म्हणाला, आणि नेवेनाच्या फोनने तेच उत्तर त्याच आवाजात ग्रीकमध्ये सांगितलं.

"आमच्याकडे 'ने' म्हणजे हो. आणि मानसुद्धा तुमच्या उलट हलते. तुमच्या देशाचा प्रत्येक पाहुणा इथे एकदा फसतो. फक्त कॉफीत साखर हवी की नको एवढ्यावर फसतो."

रायचोची मान खाली गेली. एवढी फजिती पुरे होती, पण मत्सराला फजितीने पोट भरत नाही. तो म्हणाला, "तुम्हाला बरं आहे. तुम्ही खरे रुग्ण. हिरवी खूण आहे तुमच्याकडे."

फोनने ते सांगितलं. म्हाताऱ्याने रुमाल बाजूला ठेवला आणि फोन तोंडाजवळ धरला.

"मला सगळं चालतं," आवाज म्हणाला. "खूण माझ्या बायकोची आहे, तिचा जुना दाखला दाखवून मिळवलेली. एव्हान्थियाची. तिला अक्रोड चालत नव्हता. एक्केचाळीस वर्षं मी आधी चाखलं, मग ती जेवली. सात वर्षांपूर्वी ती गेली. अक्रोडाने नाही गेली. त्याला मी फिरकू दिलं नाही. हृदयाने गेली. तिथे मला आधी जाऊन बघता आलं नाही."

पेरिक्लिसनी कोटावरचा आणखी एक डाग पुसला. मग ते आणि फोन पुन्हा बोलले.

"अजूनही हॉटेलात गेलो की मी आधी आत जाऊन विचारतो. वेटर हसतात. म्हणतात, आजोबा, आता कोणासाठी? मग कोणीतरी हे ॲप दाखवलं. म्हटलं, विचारतोच आहे, तर लिहून ठेवावं. कोणाची तरी बायको जेवेल."

महिनाभर ज्याच्या नावाने रायचोने बोटं मोडली होती तो हा माणूस. त्याच्या दुधी कोटावर वांगं होतं आणि समोरची खुर्ची रिकामी होती. रायचोला लाज वाटली. त्याने वळून नेवेनाकडे पाहिलं. ती झग्यावरचा डाग चोळत होती, वैतागलेली होती, आणि धडधडीत जिवंत होती.

तेवढ्यात तळलेले मासे आले. या वेळी त्या बाईंनी डोकं मागे झटकून, हात हलवून, छातीवर क्रूस काढून सांगितलं की यात अक्रोड नाही. फोनने सांगितलं की नाही. तरी थाळी टेकताक्षणी दोन काटे एकदम पुढे आले आणि एकाच माशावर एकमेकांना खणकन लागले. एक रायचोचा, एक पेरिक्लिसचा.

रायचोचं रक्त पुन्हा उसळलं. बायको त्याची, मासा तिचा, आणि चाखणार कोण, तर हा? म्हातारा ओशाळला आणि काटा मागे घेऊ लागला. आणि मग रायचोने, जमीन नोंदणी कचेरीतल्या त्या भिंतीसारख्या निरोगी माणसाने, आयुष्यात पहिल्यांदा आपली जागा दुसऱ्याला दिली.

"राहू द्या," तो फोनकडे बघून म्हणाला. "त्यांना सांग, आज तुम्ही चाखा."

आवाजाने ते सांगितलं. पेरिक्लिसनी लहानसा तुकडा मोडला, तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते; ते ग्रीकमध्ये मोजत होते. रायचोनेही मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. वीस झाले तरी म्हाताऱ्याचे डोळे उघडेनात, आणि त्याला घाई करायचा धीर रायचोला होईना. मासे निवत चालले होते.

नेवेनाने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"झालं असेल तुमचं दोघांचं," ती म्हणाली, "तर जेवू का मी? भूक लागलीय."